दोन चौकटचे एक्के

आदरणीय वन्संना वहिनीचा वाकून नमस्कार (कंबर वाकत नाही, तेव्हा खुर्चीत बसून केलेलाच गोड मानून घ्या). तुमचे गुडघे, तुमचं पित्त आणि तुमचा माझ्यावरचा राग, तिघांचीही खुशाली कळवा. मी बरी आहे, म्हणजे मरतही नाही आणि करमतही नाही. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. तिचं अक्षर भलतंच मोठं, एका पानात सहा ओळी मावतात, म्हणून पाकीट जाड झालंय. आत खाऊ नाही, हे आधीच सांगते.

तीन आठवडे झाले, तुम्ही ब्रिजच्या क्लबात फिरकला नाहीत. तुमच्या जागी सेक्रेटरींनी मला जोडीदार म्हणून ते निवृत्त दंतवैद्य दिलेत. पान टाकण्याआधी असं तोंड करतात, जणू स्वतःचीच दाढ उपटताहेत. एकतीस वर्षं तुमच्यासमोर बसले, वन्सं. आता समोर पाहिलं की मी पानांआड तोंड लपवते. तुमचे भाऊ गेले त्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून बसायचे, तेव्हा तुम्हीच पत्त्यांचा कॅट माझ्या मांडीवर आणून टाकलात. अक्षरं मला जन्मात आली नाहीत, पण एका ठिपक्याचा एक्का आणि दोन ठिपक्यांची दुर्री तुम्ही महिनाभरात गिरवून घेतलीत. त्याच कॅटापायी आज तुम्ही अबोला धरलाय.

झालं काय, ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते उगाच वाढवून मनात धरलं असणार. करंडकाचा शेवटचा डाव. माझ्या हातात इस्पिकचं अख्खं राज्य, आणि तेरातले बारा हात जिंकण्याची बोली, म्हणजे स्लॅम, अगदी समोर दिसत होती. पण एक्का माझ्याकडे एकच. म्हणून विचारलं, चार नो-ट्रम्प. (सूनबाईची लेखणी इथे थांबली. तिला सांगितलं, ही खरी बोली नव्हे, तुमच्याकडे एक्के किती अशी विचारणा आहे. पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन. तोंडाने सरळ विचारलं तर लबाडी, असं आडून विचारलं तर शास्त्र. ती म्हणाली, आपल्या घरात सगळे असंच बोलतात.) तुम्ही म्हणालात, पाच चौकट. म्हणजे एक. म्हणजे दोन एक्के विरुद्ध जोडीकडे. मी शहाण्यासारखी पाच इस्पिकवर थांबले.

मग बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराने मांडायची तशी तुम्ही तुमची पानं टेबलावर मांडलीत. चार रंगांच्या चार रांगा हव्यात, तर तीनच. इस्पिकची एक, किलवरची एक, आणि तिसरी लाल पानांची लांबलचक, बदाम-चौकट एकमेकांत मिसळलेले. त्यात दोन एक्के. तेव्हा विरुद्ध जोडीत असलेल्या त्याच दंतवैद्यांनी मान पुढे काढली, एवढ्यात माझा हात लागून पाण्याचा पेला आडवा झाला. सगळे माझ्या वेंधळेपणाला हसले. मी पानं पुसली आणि नीट चार रांगांत लावली. हात झाले बारा. बोली होती अकराची, म्हणून स्लॅमचे गुण नाहीत. करंडक पलीकडच्या टेबलावर गेला.

जिन्यात कठडा धरून तुम्ही म्हणालात, "वहिनी, मला चौकटचे दोन एक्के दिसले हो. एका कॅटात दोन कसे असतील? म्हटलं, डोळे दुप्पट दाखवताहेत. इमानाने एकच सांगितला."

मी हसले. तिथेच माझं चुकलं. तुम्ही ट्यूबलाइटला शिव्या घातल्यात आणि पायरी चाचपत उतरून गेलात.

तुमच्या मुलाला कळलं तर तो तुमच्या किल्ल्या, तुमची शेगडी आणि तुम्हाला उचलून त्याच्या सातव्या मजल्यावर ठेवील, हे मला ठाऊक आहे. मी कुणाकडे बोलले नाही. सूनबाईला शपथ घातलीय. क्लबात तर आपण हरलो माझ्या भित्रेपणामुळे, असंच सगळे धरून चाललेत. चालू दे.

तुमची वेंधळी वहिनी

ता. क. पेला मी मुद्दाम सांडला.

ता. क. दुसरा : सूनबाईचं अक्षर मुंगीएवढं आहे. एवढं मोठं मीच काढायला लावलंय. तरी वाचता आलं नाही, तर हे वाक्यही तुम्हाला कळणार नाही, तेव्हा रागवायचं कारण नाही.

ता. क. तिसरा : गुरुवारी सकाळी दहाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, माझ्या नावाने. तुम्ही माझ्या सोबतीला आलात, असं जगाला सांगू. त्याआधी माझी बोली ऐका : चार नो-ट्रम्प. डोळे किती उरलेत? एकही नाही, तर पाच किलवर. एक, तर पाच चौकट. दोन्ही, तर पाच बदाम. तेवढं पान पाकिटात घालून पाठवा, मला पान वाचता येतं. शेजारणीकडून निवडून घेऊ नका, ती लबाडी. आणि पाच बदाम आलं तरी गुरुवारी मी तुमच्या दारात उभी असेन. ते तुम्ही बदाम म्हणून घातलंत की चौकट म्हणून, हे आता तुम्हालाही सांगता यायचं नाही.