‘नॉर्मल तीन’ची निरवानिरव

मी, हेरंब पुरुषोत्तम साठ्ये, वय वर्षे सत्तावन्न, मूळ गाव वाई, गेली सव्वीस वर्षे मुक्काम कॅम्पबेलटाउन, ॲडलेड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि दुपारचे जेवण व्यवस्थित झालेले असताना, माझ्यामागे काय व्हावे हे येथे लिहून ठेवतो.

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत जो फ्रिज आहे त्याच्या दुसऱ्या फळीवर माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी असते. तिच्यावर कोणीतरी ‘जैविक धोका’ असे पिवळे लेबल चिकटवतो. मी ते सोमवारी काढतो. मंगळवारी ते पुन्हा लागलेले असते. धोका जाहीर झाल्यापासून लोणचे मात्र दुप्पट वेगाने संपते. तो इसम कोण हे मला ठाऊक आहे. आमचे प्रमुख, प्रोफेसर ग्रेहॅम टिंडल, यांच्या उजव्या हाताच्या बोटांना येणारा पिवळेपणा कोणत्याही ज्ञात रंगद्रावणाचा नाही. सदर प्रकरणाचा निकाल पुढे कलम पाचमध्ये दिला आहे.

हे पत्र मी मराठीत लिहितो, कारण ते सर्वप्रथम माझी पत्नी वृंदा वाचणार आहे. इंग्रजी तर्जुमा आमच्या वकीलबाई जोन व्हिटफर्ड करवून घेतील. साक्षीदारांना मराठी येत नाही. त्यांनी फक्त माझी सही पाहायची आहे. त्यामुळे मी मोकळेपणाने लिहू शकतो.

कलम १. घर, बँकेतील शिल्लक, निवृत्तीचा निधी आणि मोटार हे सर्व वृंदाचे. आम्हांला अपत्य नाही, तेव्हा यात वादाला जागा नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी वृंदा आणि जोन यांनी मिळून करावी.

कलम २. मृत्युपत्राची घाई का, हे सांगितले पाहिजे, नाहीतर लोक भलतेच तर्क करतील.

वाईच्या पाठशाळेत आम्हांला सप्तधातू पाठ करवले होते. त्यांत मज्जा सहावी. पुढे नशिबाने मला त्या सहाव्या धातूतच कायमचे डांबले. आमची प्रयोगशाळा मज्जेच्या एका कर्करोगावर काम करते. त्याला मायलोमा म्हणतात. त्याची गंमत अशी की त्या रोगाच्या पेशी मज्जेतून काढून बशीत एकट्या ठेवल्या तर त्यांचे काही खरे नसते. त्या जगतात शेजाऱ्यांच्या जिवावर. मज्जेतल्या साध्या, सज्जन पेशी त्यांना खाऊपिऊ घालतात, औषध आले की पाठीशी लपवतात. चोराला पकडायचे तर आधी आळीचा अभ्यास करावा लागतो. मी आयुष्यभर त्या आळीचा अभ्यास केला.

तुलनेसाठी निरोगी माणसांचीही मज्जा लागते. पाच हिवाळ्यांपूर्वी आमच्यापैकी कोणी देणार का असे ग्रेहॅमने विचारले, तेव्हा सुई पाहून सगळ्यांना एकाएकी कामे आठवली. उरलो मी. नमुन्यावर नाव नसते, आकडा असतो. माझा पडला ‘नॉर्मल तीन’. कमरेच्या हाडातून मज्जा ओढताना काय वाटते ते येथे लिहीत नाही. वृंदाने ते बऱ्याच पार्ट्यांमध्ये ऐकलेले आहे.

गेल्या मार्चमध्ये थुई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. थुई डांग आमच्याकडे डॉक्टरेट करते. या देशात गुरूलाही नावानेच हाक मारतात, त्यामुळे प्रस्तावना नव्हती.

“हेरंब, माझ्या हातांना काहीतरी झालंय.”

“भाजलं का?”

“हात नाही रे, काम. निरोगी लोकांच्या पेशींवर रोगाच्या पेशी ठेवल्या की त्या कशाबशा तग धरतात. पण नॉर्मल तीनवर ठेवल्या की माहेरी आल्यासारख्या फोफावतात. तीनदा केलं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार माझ्याकडून.”

मागून ग्रेहॅम चहा ढवळत म्हणाला, “एखादा नमुना वेडा निघतोच, पोरी. वगळ त्याला आणि पुढे चल.”

“मग माझी चार वर्षं त्याच्याशी ताडून पाहिलेली आहेत, त्यांचं काय?” थुईने विचारले. ग्रेहॅम साखर आणायला गेला.

तो गेल्यावर मी तिला म्हटले, “तुझं काही चुकलेलं नाही. नॉर्मल तीन म्हणजे मी.”

तिने माझ्या कमरेकडे पाहिले. मग म्हणाली, “म्हणजे तू नॉर्मल नाहीस.”

“हे वृंदा लग्नापासून सांगते आहे.”

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः मला रक्त तपासायला घेऊन गेली आणि सुई टोचताना भिंतीकडे पाहत राहिली.

रक्तात एक नको ते प्रथिन सापडले, थोडेसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा रोग नव्हे, रोगाच्या अंगणात उभे असणे आहे. बहुतेक माणसे त्या अंगणातच म्हातारी होतात. वर्षाला शंभरातला एखादा उंबरा ओलांडतो. दर सहा महिन्यांनी येऊन दाखवत जा. मी होय म्हणालो. ही आकडेवारी मी स्वतः किती जणांना समजावली आहे याची मोजदाद नाही. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवरून ती वेगळी ऐकू येते.

कलम ३. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत असलेला ‘नॉर्मल तीन’ फेकून द्यावा असे ग्रेहॅमचे अजून मत आहे. माझी इच्छा अशी की तो फेकू नये. फक्त चिठ्ठी बदलावी. चोर येण्याआधीच आळीने दार किलकिले केलेले असते, असे जर माझ्या हाडात दिसत असेल, तर थुईची चार वर्षे फुकट गेलेली नाहीत; तिला हवा होता त्याहून चांगला प्रश्न सापडला आहे. माझ्या मृत्यूनंतर दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांतून पुन्हा मज्जा काढून घ्यावी व आधीच्या नमुन्याशी ताडून पाहावी. यास माझी संमती आहे. या वेळी भूल देण्याची आवश्यकता नाही.

कलम ४. लिलावात घेतलेला माझा जुना पितळी सूक्ष्मदर्शक थुईला मिळावा. तथापि तो आमच्या घरातील पूर्वेच्या खिडकीपाशीच राहावा, कारण हलवल्यास भिंगे ढळतात. थुईने शनिवारी येऊन तो वापरावा. आल्यावर जेवल्याशिवाय जाऊ नये.

कलम ५. ग्रेहॅम टिंडल यांस क्षमा, आणि दरवर्षी लोणच्याची एक बरणी. रिकामी बरणी त्याने स्वतः घरी आणून द्यावी, टपालाने पाठवू नये. लेबल काढून आणावी.

कलम ६. शेजारी निकोस व्लाहोस, मूळचे ग्रीसचे, निवृत्त फरशीवाले, यांस माझी ॲल्युमिनियमची शिडी. ती आमच्याच शेडमध्ये ठेवावी. त्यांच्या शेडमध्ये घरी केलेल्या टोमॅटो सॉसच्या बाटल्यांमुळे जागा नाही. लोणच्याची लिंबे त्यांच्या झाडाची असतात, ती त्यांनी पूर्ववत कुंपणावरून देत राहावीत. निकोसवर माझी एकच जुनी फिर्याद आहे. मी भारतात गेलो असताना त्यांनी आमच्या दारचा कढीपत्ता मुळापासून उपटला.

“हेरी, तण होतं ते,” मी परत आल्यावर तो कुंपणावरून म्हणाला. “तुझ्यावर उपकार केलेत मी.”

“तण नव्हतं, आमची आमटी होती.”

“मग सांगायचं ना, ह्याची आमटी होते म्हणून. मला काय ठाऊक तुम्ही झाडं उकळता.”

“तुम्ही द्राक्षाची पानं उकळता ते?”

“ते वेगळं. त्यात भात असतो.”

नवा कढीपत्ता आता कुंडीत आहे आणि गुडघ्याएवढा झाला आहे. त्याला उन्हाळ्यात एकाआड एक संध्याकाळी पाणी घालण्याची जबाबदारी आताही निकोसवरच आहे, ती माझ्यामागेही राहावी. हा दंड समजावा.

येथवर लिहून झाले तेव्हा वृंदा चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली. हे कायद्याला धरून नसावे, पण तिला कायदा सांगणारा मी कोण.

“सूक्ष्मदर्शक हलवला की भिंगं ढळतात?” ती म्हणाली. “परवाच उचलून पंख्याखाली ठेवलास.”

“सावकाश उचलला.”

“आणि शिडी आपल्याच शेडमध्ये. बरणी घेऊन ग्रेहॅम. शनिवारी थुई जेवायला. निको पाणी घालायला.” तिने कप खाली ठेवला. “हेरंब, हे मृत्युपत्र आहे की सत्यनारायणाचं आमंत्रण?”

मी म्हटले की प्रसाद वगळता फारसा फरक नाही.

“तुला कोणालाच काही देऊन टाकायचं नाही,” ती म्हणाली, “नुसती माणसं बांधून ठेवायचीत दारात.” मग ती कढीपत्त्याला पाणी घालायला गेली, जरी आज निकोसने घातलेले होते. ती बाहेर असताना पुढचे कलम लिहितो.

कलम ७. मला मरणाची भीती नाही, असे वाक्य येथे योजले होते. ते खोटे ठरेल, थोडी आहे. पण माझी काळजी ती नव्हे. मज्जेतून काढून एकटी ठेवलेली पेशी, मग ती निरोगी का असेना, खायला भरपूर घातले तरी तग धरत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर आता काही बोलत नाही. वृंदा दिवसभर शाळेत इंग्रजीत शिकवते. घरी आली की दारात बूट काढता काढता मराठीत तक्रार सुरू करते: मुख्याध्यापिकेची, बसची, माझी. मी वर्तमानपत्रामागून ‘हं’ म्हणतो. थुई, ग्रेहॅम, निकोस, सगळी जिवाभावाची माणसे आहेत आणि ती येत राहतील. पण दारात बूट काढताना ती मराठीत कोणाशी बोलेल, याची तरतूद मला या मृत्युपत्रात करता आलेली नाही.

स्थळ: कॅम्पबेलटाउन, ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

(सही) हेरंब पुरुषोत्तम साठ्ये

आम्हां दोघांच्या समक्ष सही झाली. आम्हांला यातून काही मिळावयाचे नाही.

साक्षीदार:
१. (सही) डेनिस ओकली, औषध दुकानदार
२. (सही) मारिसा फॅब्री, समोरच्या घरात राहणार