शून्य नंबरची नळी

३ जून

झाले बाई एकदाची रुजू! त्रेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव, नवं घर. नवरोबांनी कौतुकाने डबा भरून दिला आणि भाजीत मीठच घातलं नाही. मी हूं की चूं न करता खाल्ला.

आमची प्रयोगशाळा वंध्यत्वाच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. इथे येणाऱ्या बहुतेक बायका चाळिशी ओलांडलेल्या. काचेच्या बशीत त्यांचे गर्भ वाढवतात आणि पाचव्या दिवशी प्रत्येकातून चार-पाच पेशी काढून आमच्याकडे देतात. आम्ही गुणसूत्रं मोजून सांगायचं, कोणता गर्भ धडधाकट आणि कोणता नाही. धडधाकट असेल तोच पोटात सोडतात.

जोडीला एक भला माणूस मिळालाय. नळी उचलली की तिचा नंबर मोठ्याने वाचायचा, असा इथला नियम. हा दोनदा वाचतो, म्हणून सगळे त्याला डबल म्हणतात. चहा हवा का, तेही दोनदा विचारतो.

आता खरं काय ते लिहिते. ही नोकरी मी धरली, कारण इथे कर्मचाऱ्यांना उपचारासाठी ताटकळावं लागत नाही. माझे दोन प्रयत्न फसलेत. इथल्या मुख्य डॉक्टर, म्हणजे मोठ्या मॅडम, तोंडावर म्हणाल्या, की ही शेवटची खेप, यापुढे शरीर साथ देणार नाही. मला बाळ हवंय. बस्स.

१२ जून

प्रत्येक तुकडीत गर्भांच्या नळ्यांबरोबर एक रिकामी नळी यंत्रावर चालवतात. तिला शून्य नंबर. तिच्यात फक्त पेशी धुवायचा द्रव असतो. तिचा रिपोर्ट कोरा आला की समजायचं, काम स्वच्छ झालं. आज तिच्यात काहीतरी उमटलं. अगदी पुसट. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी नळीतच शिंकले! नवीन माणूस म्हणजे हक्काचा बकरा. उद्यापासून हातमोजे दोन-दोन चढवणार.

२० जून

चार तुकड्या झाल्या. चारही वेळा तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा ठळक. मी यायच्या आधीचे सगळे रिपोर्ट कोरे आहेत, तेव्हा संशय माझ्यावरच. माझ्या गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतला आणि ताडून पाहिला. जुळला, पण अर्धाच. डबल म्हणाला, ताई, ही तुम्ही नव्हे, ही तुमची मुलगी दिसतेय. गंमत केली बिचाऱ्याने. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

मला मुलगी नाही. पोटात कधी काही राहिलंच नाही.

२६ जुलै

माझे तीन गर्भ झाले होते. स्वतःचा नमुना स्वतः चालवायचा नसतो, म्हणून डबलने चालवला. सकाळपासून तो माझी नजर चुकवत होता. तेव्हाच कळलं मला.

तिन्हींत दोष. एकही पोटात सोडण्याजोगा नाही.

शून्य नंबरचा कागद त्याने पालथा घातला होता. मी तो हिसकावून घेतला. मुलगी. सेहेचाळीस गुणसूत्रं, एकही चूक नाही. अर्धी माझी, अर्धी नवरोबांची. आम्हा दोघांच्या पेशींची भेसळ असती तर दोन माणसं दिसली असती. इथे माणूस एकच आहे.

२९ जुलै

कशात जीव लागत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. शून्य नळीतला द्रव ज्या थेंबातून घेतला, तो उरलेला थेंब डबलने गोठवून ठेवलाय. का, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता म्हणे, दोनदा. काही नव्हतं.

नसू दे. मला तोच हवाय.

मी डबलचे पाय धरले. खरोखर, फरशीवर बसून. तो घाबरून हो म्हणाला. मॅडमच्या रिपोर्टात मी एक नंबरचा गर्भ धडधाकट लिहिला. आजवर कुणाचा एक आकडा बदलला नव्हता मी!

६ सप्टेंबर

झालं. मी टेबलावर पडलेले. डबलने प्रयोगशाळेच्या खिडकीतून बारीक नळी मॅडमच्या हातात दिली आणि नंबर वाचला. एक. पहिल्यांदाच त्याने एकदाच वाचला, आणि तोही खोटा. नळीत नुसता थेंब होता.

१७ सप्टेंबर

राहिलं! राहिलं गं बाई! नवरोबा जिन्यातच मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीठ नसलेली भाजी जन्मभर खाईन मी.

डबलने राजीनामा दिला. मला भेटलाही नाही.

९ नोव्हेंबर

सोनोग्राफीत बाळ अगदी पुस्तकात छापल्यासारखं. आईच्या रक्तात बाळाचा अंश तरंगत असतो, तोही तपासला. शंभरातले बारा. झकास, मॅडम म्हणाल्या. जो तो विचारतो, चेहऱ्यावर एवढं तेज कुठून आलं? पांढरे केस गेले. चष्म्याशिवाय लिहितेय.

३० नोव्हेंबर

रक्तात बाळ एकेचाळीस. असं कधी होत नाही. मॅडमनी पुन्हा रक्त घेतलं. त्रेचाळीस.

दारातल्या हजेरीच्या मशीनवर माझा अंगठा लागेना. पाच वेळा पुसून पाहिला. रखवालदाराने हसत आत सोडलं, म्हणाला, मॅडम, तुम्ही दिवसेंदिवस लहान दिसायला लागलात.

१४ डिसेंबर

त्र्याहत्तर.

हातावर भाजल्याचा डाग होता. नाही आता. कातडी नवी कोरी. नवरोबांना दाखवलं तर म्हणाले, कसला डाग—

ताईने फोनवर विचारलं, कोण बोलतंय. माझी सख्खी बहीण.

२२ डिसेंबर

नव्वद. मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांना कारण माहीत नाही, पण आकडे कळतात. त्या म्हणाल्या, बाळ वाढतंय आणि तुम्ही संपताय. आजच्या आज हे थांबवू, अजून दहा टक्के तरी आहेत तुमचे. चार वाजेपर्यंत सांगा.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. थेंब, खोटा रिपोर्ट, सगळं.

२२ डिसेंबर, पावणेचार

आत्ता लाथ मारली. पहिली! इतकी जोरात, की मी ओरडलेच. मला भीती वाटते, फार वाटते. पण ही माझी आहे.

मी नाही म्हणून कळवलं.

२९ डिसेंबर

सत्त्याण्णव— 

घाई करायला हवी. हे तुझ्यासाठी लिहितेय, पोरी. तुला सांगायला मी नसले तर—

तुझी आई डावखुरी होती. असं वाटतं. आत्ता पेन उजव्या हातात आहे.

तिला दोन बहिणी— नाही, एक. एकच.

ती मोठ्याने हसायची. लोक वळून बघायचे. तिला लिफ्टची भीती— की पाण्याची—

तिचं लग्न उशिरा झालं. तो माणूस चांगला आहे. आत्ता स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणतोय. त्याचं माझ्याशी काय नातं ते

तिला कुणी जबरदस्ती केली नाही. हे नीट लक्षात ठेव. तिला विचारलं होतं, आणि ती तुला हो म्हणाली, आणि तुझी आई