धान्याच्या घरातलं पथ्य

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २००८

प्रिय शिवांजली,

तुझं पाकीट काल पोचलं. पत्र चार ओळींचं आणि यादी तीन पानांची, तेव्हाच ओळखलं की पोरीचा जीव कुठे अडकलाय. गहू नको, ज्वारी नको, तांदूळ नको, कुठलीच डाळ नको, शेंगदाणे नकोत, दूध-दही नको, साखर-गूळ नको. माणूस शेती करायला लागायच्या आधी जे खायचा तेवढंच खायचं. मला ही यादी नवीन नाही. पाच वर्षांपूर्वी तू हीच तुझ्या अप्पांसाठी पाठवली होतीस आणि ती मला अजून तोंडपाठ आहे. आता लिहितेस की अव्वा, तुझ्या अ‍ॅसिडिटीला हे चांगलं, मी महिन्याची रजा काढून पुण्याहून येतेय, दोघी मिळून पाळू. ये बाई, घर तुझंच आहे. पण यायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला हे जमणार नाही. तुझा भाऊ मृत्युंजय शेजारी उभा राहतो, आणि तू अर्ध्यात रडायला लागतेस.

अप्पांना तेव्हा साखर निघाली होती, आठवतं? जेवण झालं की पोट धरून बसायचे. तू इंटरनेटवरून ती पानं काढलीस आणि इकडे पाठवलीस. लक्ष्मीपुरीत तीन पिढ्यांचं धान्याचं दुकान आणि मालकालाच धान्य बंद! ज्वारीचे चार दाणे दाताखाली धरून माल कुठल्या शिवारातला, किती वाळलेला, हे सांगणारा माणूस. पथ्य सुरू झाल्यावरही दाणा चावून बघायचे, पण लगेच थुंकायचे. गिऱ्हाईक हसायचं. हे म्हणायचे, “बायकोचा कायदा हाय पावणं, माझा न्हाय.”

तुझ्या यादीत पहिल्याच ओळीत मटण, मासे, अंडी. लिंगायताच्या घरात ती ओळ मोठ्यानं वाचायलाही माझी जीभ रेटेना. मी ती पेनानं खोडून टाकली. मग उरलं काय? दोडका, पडवळ, भोपळा, पालेभाज्या, खोबरं, बदाम, रताळं, फळं. चाळीस वर्षं कुटाशिवाय भाजी न केलेली बाई मी. शेंगदाण्याचं कूट काढून घेतलं तर माझ्या हाताला चवच राहिली नाही. खोबरं वाटून घालून बघितलं, तीळ घालून बघितले, शेवटी कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं घातली आणि नशिबावर सोडलं. चहाच्या जागी नारळाच्या दुधात आलं उकळून द्यायची. ते पिऊन अप्पा पहिल्या दिवशी म्हणाले, “आदिमानवाला बायको नव्हती काय गं, भाकरी थापायला?” मी हसले नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं. मी परात फळीवर उपडी घातली आणि स्वतःही भाकरी सोडली. त्यांच्यासमोर मी कशी खाणार होते?

साखर उतरली. तू फोनवर केवढी खूश झालीस! पण माणूसही उतरत चालला होता. सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. तू म्हणालीस, अव्वा, नुसत्या भाज्यांवर ताकद येत नाही, निदान अंडी तरी दे. तेव्हा मी जे केलं ते तुला अर्धंच सांगितलंय. शेजारच्या चिमणाबाईच्या घरी अंडी उकडून व्हायची आणि ती कंपाउंडच्या भिंतीवरून स्टीलच्या डब्यात घालून द्यायची, एवढं तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी अप्पा तो डबा समोर ठेवून किती वेळ नुसते बसले होते, हे ठाऊक नाही. मला म्हणाले, “गळ्यात लिंग असताना हे कसं खाऊ गं?” लहानपणी गळ्यात पडल्यापासून ते लिंग त्यांनी कधी अंगावेगळं केलं नव्हतं. आजारपणात नाही, आंघोळीला नाही. त्या दिवशी त्यांनी लिंगाची चांदीची डबी गळ्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन अंडी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. मग आंघोळ करून लिंग पुन्हा घातलं. रोज असंच. सकाळी काढायचं, खायचं, आंघोळ, घालायचं. मी म्हणायची, औषध समजा. ते म्हणायचे, “तू म्हणतीस म्हणून.” किती वेळा म्हणाले हे! आणि मी दगड, मला वाटायचं पथ्य अंगवळणी पडतंय.

पुढचं तुला मी कधीच धड सांगितलेलं नाही. जानेवारीत पोटाचे फोटो काढले तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, गाठ आहे, वाईट जातीची आहे, फार पसरलीय, तीन-चार महिने. आणि मी दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, मावशी, आता पथ्य वगैरे राहू दे, काय मागतील ते खायला द्या. बाहेर बाकावर अप्पा मफलर गुंडाळून बसले होते. काय म्हणाले डॉक्टर, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, साधी सूज आहे, पथ्य आणखी कडक पाळायला सांगितलंय.

शिवा, असं का बोललीस म्हणून विचारशील. आपल्याकडे माणसाला त्याचं मरण तोंडावर कोणी सांगत नाही. तुझ्या आजोबांना सांगितलं नव्हतं, माझ्या वडलांना सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापून पुढे ठेवली असती, तर ते एका क्षणात समजले असते. दाणा चावून शिवार ओळखणारा माणूस! त्यांना जगायची आशा वाटावी म्हणून मी त्यांना उपाशी ठेवलं. रताळ्याच्या फोडीसुद्धा मोजून दिल्या. तुलाही शेवटच्या पंधरवड्यापर्यंत कळू दिलं नाही, कारण तू आली असतीस तर तुझ्या चेहऱ्यावरून त्यांनी वाचलं असतं.

मार्चमध्ये हातकणंगल्याहून आक्का भावाला बघायला आल्या. येताना पद्धतीप्रमाणे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली. मी ती वरच्या फळीवर ठेवली आणि आक्कांना बजावलं. दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर अप्पा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे, हातात भाकरीचा तुकडा, आणि तोंड हलतंय. चार पावलं चालायची ताकद नव्हती त्या माणसात, आणि फळीपर्यंत पोचले होते. मी काय केलं असेन? मी ओरडले. बाळाच्या तोंडातून माती काढतात तशी त्यांच्या तोंडात बोटं घालून तो घास बाहेर काढला. त्यांनी तोंड मिटलं नाही, माझा हात ढकलला नाही. मी तांब्या पुढे केला, चूळ भरा म्हणाले. तुला आठवतं ना, जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटांनी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, एक कण वाया जाऊ द्यायचे नाहीत? त्यांनी चूळ भरली, तोंडात फिरवली आणि गिळून टाकली. मग माझ्याकडे बघून कसनुसे हसले आणि भिंत धरत धरत खोलीत गेले.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते गेले. तू आली होतीस, तू बघितलंस. भस्म लावून समाधीसाठी बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, आणि मला त्या वेळी काय दिसत होतं सांगू? देव्हाऱ्यात काढून ठेवलेली ती डबी. तिसऱ्या दिवशी समाधीवर नैवेद्याला मी ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाची चटणी, दही, सगळं नेलं. गरम भाकरी! माती त्याला काय करणार होती? तू म्हणालीस, अव्वा, किती गं केलंस. मी तुझ्यावर खेकसले होते, ते यासाठी.

आणि दिवसकार्य झाल्यावर आक्कांनी मला घरामागच्या परड्यात बसवून सांगितलं. अप्पांना सगळं ठाऊक होतं. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी त्यांनी आक्कांना फोन केला होता. म्हणाले होते, “आक्का, माझं काय खरं न्हाय. पर तिला वाटतंय मी पथ्यानं बरा हुतोय. तिचं हात त्यात गुंतल्यात. ऱ्हाऊ दे, मी खातो की ती दील ते.” म्हणजे मी त्यांच्यासाठी कडक आणि ते माझ्यासाठी उपाशी. तीन महिने एका छताखाली दोघांनी एकमेकांशी खोटं बोलून काढले, आणि त्यात एका माणसाच्या तोंडचा शेवटचा घास गेला. एकदा जरी बाकावर त्यांच्या शेजारी बसून खरं सांगितलं असतं, तर दोघं रडलो असतो आणि घरी येऊन जेवलो असतो. तुझ्या यादीनं अप्पा गेले, असं तू मनात धरून बसली असशील तर ते आजच काढून टाक. यादी तुझी होती, बोटं माझी होती.

आता मी हे का लिहिलं ते ऐक. मागच्या मंगळवारी मृत्युंजय मला त्याच दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले, त्याच बाकावर. तो बाहेर आला तेव्हा तोंड धुऊन आला होता, शर्टाची कॉलर ओली होती. म्हणाला, “अव्वा, साधी सूज हाय.” मी व्हय म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी तुझा फोन, आणि महिन्याची रजा. पोरी, अ‍ॅसिडिटीला कोणी महिन्याची रजा देत नाही. मला ठाऊक आहे, शिवा. तुम्हां दोघांनाही ठाऊक आहे. तो खेळ मी एकदा खेळलेय, आता माझ्यात ताकद नाही. तुझी यादी मी चुलीत घातलेली नाही, मसाल्याच्या डब्याखाली घडी करून ठेवलीय, येशील तेव्हा परत घेऊन जा. आलीस की चप्पल काढून आधी माझ्याजवळ बस आणि डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत तो आकडा मला सांग. रडायचं असेल तर तेव्हाच रडून घेऊ. मग ऊठ आणि भाकरी थाप. परात मी काढून ठेवलीय, पीठ कालच दळून आणलंय. तुझी भाकरी जाड होते आणि एका बाजूला करपते, मला माहीत आहे. मी खाईन, आणि ताट धुऊन पाणीही पिईन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
अव्वा