आखाड्यावरचं स्थळ

माय, तुझी नात लग्न करून जिथं राहणार म्हणते ती जागा मी पाहिली. पण वरून पाहिली. तू गेल्यानंतर अशी सोय निघाली आहे की आभाळातून काढलेले फोटो फोनवर दिसतात. आपल्या गोठ्याचा गंजलेला पत्रासुद्धा त्यात ओळखू येतो. जागा अमेरिकेत, आयोवा नावाच्या राज्यात आहे. पोरगी परभणीला शेतीचं शिकली, पुढचं शिकायला तिकडं गेली, आता तिथल्याच एका काउंटीत बियाणं तपासायच्या कामाला आहे. मुलगा शेतकऱ्याचा, तिथलाच. तिनं एका रविवारी हे सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी फोन करते, मग नीट बोलू." म्हणजे मला आठवडा मिळाला. पाण्याच्या मोटारीच्या कॉइलला वार्निश लावलं की ते वाळेपर्यंत दुकानात हातांना काम नसतं. तेवढ्या वेळात मी ती सगळी काउंटी वाचून काढली. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही, जळकी मोटार नवी तार गुंडाळून भरायलाही कुणी शिकवलं नाही, हे तुला माहीत आहे. दोन्ही येतं.

काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखाच प्रकार, आकारानं जिंतूरपेक्षा जरा मोठी. जिंतूरला उत्तरेला डोंगर आहेत, पूर्णा आहे, येलदरीचं धरण आहे. तिकडं डोंगर म्हणावा असा उंचवटाच नाही. चादर झटकून टाकल्यावर पडते तशी जमीन, हलकी वरखाली. आपली काळी माती लाव्हाच्या खडकाची झाली. त्यांची काळी माती बर्फाची देणगी: फार पूर्वी बर्फाचे थर खडक दळत सरकत आले, मग वितळले आणि गाळ मागं राहिला. त्यावर पुरुषभर गवत वाढलं, कुजलं, पुन्हा वाढलं. पिकं मुख्य दोनच, मका आणि सोयाबीन. एक गोष्ट मी दोनदा वाचली. तिथं शेतकरी जमिनीखाली पाइप घालतात ते पाणी घालवायला. मूळची रानं दलदलीची, म्हणून साचलेलं पाणी पाइपातून ओढ्याला सोडतात. माझं अर्धं आयुष्य बोअरचं पाणी वर आणणाऱ्या मोटारी भरण्यात गेलं. तिकडं माझं दुकान चाललं नसतं.

रस्ते सगळे सरळ, उभे-आडवे, मैलामैलावर. वरून पाहिलं तर चौकड्याचं लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतं. मोजणीवाले आधी आले, शेतकरी मागून. मोजणीच्या आधीही तिथं माणसं राहत होती, तिथले आदिवासी. कागदांवर त्यांच्या खुणा घेऊन त्यांना पश्चिमेला हाकललं. काउंटीनं स्वतःची जी माहिती लिहिली आहे तीत याला दोन ओळी दिल्यात. नदीचं नाव मात्र त्यांच्याच बोलीतलं राहिलं. मग युरोपातली कुटुंबं आली, मागून रेल्वे आली, आणि आपल्याकडं रेल्वेनं पूर्णा गाव वाढवलं तशी तिथं रेल्वेनं गावं बसवली. आता बरेच रूळ उखडलेत, चार शाळांची एक शाळा झाली आहे. सगळ्या काउंटीची माणसं गोळा केली तर झरीसारखी दोन-तीन गावं भरतील. मधोमध मुख्य गाव, त्याच्या चौकात कोर्टाची दगडी इमारत, वर घड्याळ.

एवढं काढलं. काढता आलं नाही ते एकच, पोरीच्या गावाचं नाव. कारण गावच नाही. मैलाच्या एका चौकोनात एकटं घर, लाल रंगाचा गोठा, झाडांची एक रांग. पुढचं घर पार पलीकडच्या चौकोनात. याला आपल्याकडं शब्द आहे: आखाडा. जनावरं, कडबा आणि सालगडी आखाड्यावर, मालक गावात. आणि आखाड्याबद्दल तुझं काय मत होतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

तुझ्या धाकटीला, माझ्या बहिणीला, चारठाण्याकडचं स्थळ आलं तेव्हा मी दुकान नुकतंच टाकलं होतं. मी एकटाच जाऊन पाहून आलो. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस. मी सांगतो: स्लॅबचं घर, घरात लाईट, सोळा एकर, पोरगा निर्व्यसनी. तू भाकरी उलटतेस आणि विचारतेस, "पाणी कुठं हाय?" मला सांगता येत नाही. "शेजार?" तेही सांगता येत नाही. "मंग स्लॅब पाहून आलास व्हय? पोरीचं लगीन स्लॅबसंगं लावायचंय का?" दुसऱ्या दिवशी तू स्वतः निघालीस. घर गावापासून लांब, आखाड्यावर बांधलेलं. तू चहा बाजूला सारलास, आधी पाणी मागितलंस, आणि ते कुठून आणतात हे मान वळवून पाहिलंस. विहीर हाताशी होती, पाणी गोड होतं, तिथं तुझी काही तक्रार नव्हती. मग तू मागच्या अंगणात गेलीस आणि गावाकडं तोंड करून मोठ्यानं ओरडलीस, "कुणी हाय का वं?" मुलाची आई धावत आली. "काय झालं बाई? इच्चू चावला काय?" तू म्हणालीस, "न्हाई माय. कोण येतंय ते पाहायलेय." एक कुत्रं आलं. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना मी सोळा एकरांचा विषय पुन्हा काढला. "जमीन हाकेला ओ देती का?" एवढंच तू म्हणालीस, आणि ते स्थळ तिथंच संपलं. धाकटी झरीला दिली, भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत.

तीच धाकटी त्या आठवड्यात घरी आली. ती जात विचारेल म्हणून मी तयारीत होतो. तिनं फोनवरचा फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "दादा, हे घर कोणत्या गावात हाय?"

"गावात नाही. शेतात आहे."

"म्हंजी आखाड्यावर?"

"तिकडं सगळे मालक तसेच राहतात."

"मंग सालगडी कुठं राहतेत? वाड्यात?" ती हसली आणि मधेच थांबली. "मायनं मला आखाड्यावर दिली न्हाई. अन् तू तुझी पोरगी द्यायलास?"

मी म्हणालो, तुला झरीत शेजार तर चांगला मिळाला. "लय मिळाला! माझ्या कढईत मिरची पडली की शेजारीण खोकती. तीस वर्षांत नवऱ्यासंगं एक भांडण धड करता आलं न्हाई." पण मत तिनं बदललं नाही. "तू न्हाई म्हणून सांग. तुझ्या शब्दाभाईर न्हाई ती." स्वयंपाकघरातून पोरीची आई म्हणाली, "त्यांचा नकाशा होऊ द्या हो वन्सं. मी तवर शेवया करून ठेवते, न्यायला बऱ्या पडतील." तिचा होकार पहिल्याच फोनवर देऊन झाला होता, मला न विचारता.

रविवारी फोन आला तेव्हा माझा प्रश्नांचा कागद समोर होता. तुझ्या क्रमानं, आधी पाणी. मी म्हणालो, घराजवळ पाच मोठ्या गोल टाक्या आहेत, सावलीवरून दोन मजले उंच असाव्यात, तेव्हा पाण्याची ददात नाही. तिकडून ती खूप हसली. "बाबा, त्या टाक्या नाहीत! मका साठवायच्या कोठ्या आहेत. पाणी पाइपलाइननं येतं." गोल छप्पर दिसलं की त्यात पाणीच असणार असं धरून चालणारा माणूस कोणत्या जिल्ह्याचा, हे कुणालाही सांगता येईल. मी खाडाखोड केली. मग शेजार. हाक मारली तर कोण येतं? "हाक ऐकूच जाणार नाही बाबा, इतकं लांब आहे." तिनं लपवलं नाही, हे मी नोंदवतो. मग म्हणाली, गेल्या हिवाळ्यात बर्फानं वाट बुजली होती. पलीकडचा म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला, वाट मोकळी केली आणि दार न वाजवता निघून गेला. "चहालासुद्धा थांबला नाही?" "नाही. इथं तसंच असतं." न बोलावता येणारा आणि आल्यावर न थांबणारा शेजारी तुझ्या हिशेबात कुठं बसतो, मला ठरवता आलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती त्या घरात होती, हेही मला त्याच वाक्यात कळलं. मी कागदावरची पुढची ओळ घेतली.

मी नदीच्या पुरावर आलो तेव्हा तिनं मला थांबवलं. "बाबा, तुम्हाला या काउंटीची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. पण मी हो-नाही विचारत नव्हते. पेरणीच्या आधी त्या घड्याळाच्या कोर्टात जाऊन सह्या करायचं ठरलंय. तुम्ही येता का, एवढंच विचारायचं होतं."

मी म्हणालो, "पासपोर्ट नाही माझ्याकडं."

"मग काढा ना. तेव्हा नाही जमलं तर नंतर या. पण या."

बघतो, म्हणालो आणि फोन ठेवला. कागदावर बरंच राहिलं होतं: थंडी कधी सुरू होते, दवाखाना कोणत्या गावात, वादळ आलं तर घरातली माणसं कुठं बसतात. ते ऐकताना मधे अडवून उलटे प्रश्न करील असं माणूस आता घरात नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. हे पान मोटारींच्या जुन्या कॅटलॉगात राहील. तो कुणी उघडत नाही.

पासपोर्टचा अर्ज काल भरला. धाकटीनं फोनवर विचारलं, "आता हे कशाला?" मी म्हणालो, "मायसारखं स्वतः जाऊन स्थळ पाहतो, मग काय ते ठरवतो." तिला ते लगेच पटलं, आणि तिनं सांगितलं म्हणजे एव्हाना झरीच्या अख्ख्या गल्लीला माहीत झालं असेल. मी तिथं पोचेन तोवर लग्न होऊन गेलेलं असेल, एवढं मात्र तिला सांगितलेलं नाही.