बारमाहीची पाटी

राळेगाव,
ता. ५ ऑगस्ट १९६२

ति. पुंडलिकराव भाऊजींस गुणवंतचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, कपाशी तग धरून आहे. भागीरथाताईची प्रकृती कळवावी.

मागच्या पत्रात मी आमच्या गावची सडक बारमाही झाली असे लिहिले, त्याचा नेमका अर्थ आपण विचारलात. सडकेच्या कामावरचे मोहिउद्दीन मिस्त्री सांगतात, शब्द मूळ विहिरीचा. वैशाखात आटत नाही ती विहीर बारमाही. तोच पुढे सडकेला लागला. भर श्रावणात गाडी रुतत नाही ती सडक बारमाही, आणि पाऊस लागताच चार महिने बंद होते ती आठमाही.

आमच्या फाट्यावर 'बारमाही सडक' अशी पाटी आहे. ती मीच रंगवली, अक्षरे आधी खडूने आखून. तेव्हा नुसती माती पडली होती. मिस्त्रींना विचारले तर म्हणाले, "लिख दे बाबू. पाटी पहले, सडक पीछे." मुरूम अजून आलेला नाही.

आपल्याला लिहिताना हे मला ठाऊक होते. लग्नात आपल्या मातोश्री म्हणाल्या होत्या, "सुनेचं माहेर चिखलात हाय." ते मनात राहिले होते.

काल शेजारच्या हंसाबाईंची गाडी नाल्यापाशी आसापर्यंत रुतली. मी धावलो तर चिखलातूनच म्हणाल्या, "पाटी तं दिसली रे गुणवंता, पन बैलाले वाचता येत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मग त्या गाडीत ताई दिसू लागली.

तरी गुरुवारी तिला आणायला मी येणार होतो, तो येत नाही. सातवा महिना आहे, या वाटेने तिला आणू नये. खरे लिहिले असते तर तिला पावसाआधीच आणले असते; पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ते माझ्या फुशारकीने राहिले. आईला अजून सांगितलेले नाही. तिने लाडवांसाठी डिंक आणून ठेवला आहे.

हे पत्र मातोश्रींसमोर ताईला वाचून दाखवावे. माहेरी आपण जड झालो असे तिला वाटू नये.

लेकीच्या सासरी जाऊन राहणे आईला अवघड वाटेल, पण आपण होकार दिलात तर ती येईल. फाट्यापर्यंत मी तिला पाठुंगळी आणीन. तिला वाचता येत नाही. पाटीवर काय लिहिले आहे ते ती विचारील, आणि मला सांगावे लागेल.

ताईचा भाऊ म्हणवून घेण्यास संकोचणारा,
गुणवंत