डावीकडची खुर्ची

बेटावरून, ५ जानेवारी २०२६

ती. कौशल्याआत्यास, दामिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘बरी आहे’ म्हणते, खरं ते कागदावर लिही, अशी तुझी ताकीद. म्हणून हे पत्र. या चिमुकल्या देशाच्या सरकारी विमान कंपनीत मला साडेतीन वर्षं झाली. विमानं चार, सगळी पंख्यांची. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे मी, सहवैमानिक. माझे तास भरले, परीक्षाही पास झाले. पण आमच्या मुख्य वैमानिक मारियाबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं, की कॅप्टनची जागा आधी इथल्या नागरिकांना. परदेशी लोकांना दोन-दोन वर्षांचा करार. मी इथलं नागरिकत्व घेतलं तर सहा महिन्यांत डावीकडे बसेन. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा. मग आपला पासपोर्ट सोडावा लागेल. माझ्यामागून आलेला इथला जोसेफ याच आठवड्यात कॅप्टन झाला. मी त्याला नारळाच्या वड्या करून दिल्या आणि खोलीवर येऊन रडले. बाबांना सांगायचा धीर होत नाही.

लोभ आहे तसाच ठेव, रागावणं थोडं कमी कर.
तुझी दामिनी

अकोला, १९ जानेवारी

चि. दामिनीस, आत्याचे अ. उ. आ.

चारच विमानं? आमच्या तेल्हाऱ्याच्या स्टँडवर एका सकाळी याहून जास्त एसट्या लागतात! असो. तुला धीर होत नाही म्हणून मीच रविवारी वलगावला जाऊन किसनदादाला पत्र वाचून दाखवलं. तो तुरीच्या शेंगा सोलत होता. त्यानं आधी विचारलं, की उजवीकडून विमान उतरवता येते का नाई. येतं म्हटल्यावर म्हणाला, की मंग पोरगी रडून काहून राहिली. मग हळूच विचारलं, की तिनं सही केली तर वलगावले याले व्हिसा लागन का. मी हो म्हणाले. पुढचे दाणे त्यानं टरफलांत टाकले आणि टरफलं दाण्यांच्या गंजात. तरी निघताना बजावलं, की माह्यासाठी मागं फिरू नको म्हना तिले.

मी एवढंच विचारते: तुला ती खुर्ची हवी आहे, की तो देशही?

जेवणाची हेळसांड करू नकोस. इकडे तुझी आठवण रोज निघते.
तुझी आत्या

बेटावरून, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

अर्ज दिला नाही. तुझ्या प्रश्नावर ‘देशही’ असं काही तोंडातून निघेना.

मारियाबाईंना सांगायला गेले ती तणतणतच. त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो दाखवला. सगळे कॅप्टन परदेशी, त्यांच्यात मारियाबाई एकट्याच इथल्या. स्वतःच्याच देशात त्या अकरा वर्षं उजवीकडे बसल्या, कारण डावीकडे तेव्हा फक्त बाहेरचे बसत. नियम त्यासाठी केला, तो मोडणार नाही, म्हणाल्या. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

मी उठले तर त्यांनी परत बसवलं. त्या प्रशिक्षकही आहेत. जूनमध्ये माझा करार संपेपर्यंत त्या उजवीकडे बसणार आणि मला डावीकडे बसवून सराव देणार. कॅप्टनचा हुद्दा नाही, पण काम तेच. भारतात नोकरी शोधताना तो अनुभव दाखवता येईल.

काल पहिला दिवस. वारा आडवा, धावपट्टी आखूड. बाईंनी शेवटपर्यंत मांडीवरचे हात हलवले नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, की त्यांना जरा डुलकी लागली होती!

बाबांना तूच वाचून दाखव. माया असू दे.
दामिनी

वलगाव, १८ फेब्रुवारी

चि. दामिनीस, बाबाचे आशीर्वाद.

कौशीनं पत्र वाचून दाखवलं. मी कवा पत्र लिवलं नाई, चुकलं तर हासू नको. इकडं नोकरी कवा लागते ते मागून पाहू. त्या बाईले आमचा नमस्कार सांगजो.

मी अजून विमानात बसलो नाई, तुले मालूमच हाये. भेवच वाटे. आता तुह्या भावाले, अंकुरले, सांगतलं, की जूनात बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं तिकीट काढ. तुले घ्याले मी येऊन राहिलो. खिडकीची जागा पाह्यजे म्हनलं. माही पोरगी वरून काय पाह्यते, ते एकडाव मले पाहाचं हाये.

तुहा बाप,
किसनराव