ब्रेक काढून द्या

१ मे २०२५, गुरुवार

सगळ्या गावाला सुट्टी, आणि झाडं कापायच्या साखळी-मशिनी दुरुस्त करायच्या माझ्या दुकानात सकाळपासून तिघे!

पहिल्याला लहान मशीनवर पंचवीस इंची पातं हवं. का? तर शेजाऱ्याकडं आहे. म्हटलं, तुला बाभळी तोडायच्या आहेत की मिरवणूक काढायची आहे? लहान इंजिनाला लांब पातं लावलं की ते धापा टाकतं, तेल टोकापर्यंत पोचत नाही, साखळी तापून ढिली पडते. शेवटी सोळा इंची घेऊन गेला, तोंड वाकडं करून.

दुसऱ्याची मशीन ‘कापतच न्हाय’. साखळी बघितली तर दगडाला लागून सगळे दात बोथट. नाचता येईना अंगण वाकडं! गोल कानस घेऊन बसले. एका दाताला तीन हात, कोन सगळ्यांचा एक, जोरही एक. मग ओंडक्यातून पिठासारखा भुसा यायचा थांबला आणि चांगले कपचे उडायला लागले. तो म्हणतो, “मशीन नवी झाली की!” मशीनला काय झालं होतं बाबा?

तिसरा म्हणाला, “आक्का, ह्यो ब्रेक सारखा मधी येतोय, काढून टाका.” त्याची मशीन उचलून त्याच्या हातात दिली आणि रस्ता दाखवला. पुढच्या मुठीसमोरचा तो आडवा पंजा — तोच ब्रेक. पात्याचं टोक लाकडात अडकलं की मशीन उसळून तोंडावर येते. तेवढ्यात पंजाला धक्का बसतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. आणि हे म्हणतात मधी येतोय. मधे येण्यासाठीच आहे तो! ब्रेक मी काढत नाही. अनगोळात सगळ्यांना माहीत आहे, आता पाटीच लावायची राहिलीय.

३ मे, शनिवार

गुंडूअण्णा नवी साखळी न्यायला आला होता. खानापूर तालुक्यातला, लोंढ्याच्या बाजूचा. विजेच्या तारांवर, रस्त्यांवर पडणारी झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराकडं आहे, पण मशीन स्वतःची. नऊ वर्षांची मशीन, अजून पहिल्या दोरीवर सुरू होते. हवेचा फिल्टर रोज झाडतो, पातं आठवड्याला उलटून लावतो म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. अशी दहा गिऱ्हाइकं मिळाली तर मी उपाशी मरेन. तसं म्हटलं त्याला. हसला.

मग आमच्या आप्पांजवळ बसून निपाणीच्या वखारीच्या गप्पा. आप्पांनी तिथं तीस वर्षं कुऱ्हाडीनं लाकूड फोडलं. “सुविधानं नाव काढलं बघ गुंडू,” म्हणत होते. “म्या घाम गाळून फोडलं, पोरगी बसून मशिनी बऱ्या करती.” बसून! माझी कंबर मला विचारा.

५ मे, सोमवार

हे लिहायलाच हवं. डोकं शांत होईना.

काल वळवाच्या वाऱ्यानं खानापूरकडं झाडं पडली. आज दुकानात आठ मशिनी रांगेत. अशात दुपारी गुंडूअण्णाची बायको, मंगलवहिनी, एसटीनं आली. पोत्यात मशीन. तो जंगलात कामावर, तिला पाठवलेलं. म्हणाली, “ब्रेक अडकलाय. काढून द्या म्हणालेत. संध्याकाळच्या गाडीनं परत न्यायची हाय.”

मी दोनदा विचारलं. “काढून?” — “व्हय, काढून.”

त्याला फोन लावला. रेंज नाही.

उघडून बघितलं. साखळी थांबवणाऱ्या पट्टीत भुसा आणि चीक घट्ट बसलेला. पंजा मागंपुढं होईना. पेट्रोल आणि ब्रशनं साफ करायला अर्धा तास. काढून टाकायला दहा मिनिटं.

आणि मला राग आला. खरं तेच लिहिते. वेळ नव्हता हे खरं, पण वेळेसाठी नाही काढला. रागानं काढला. गुंडूअण्णासुद्धा! नऊ वर्षं ज्याचं उदाहरण मी दहा जणांना देते, तोही शेवटी त्यांच्यातलाच. घे बाबा, तुझी मशीन, तुझं तोंड. पट्टी आणि स्प्रिंग बाहेर काढली, झाकण लावलं. पंजा नुसता शोभेला राहिला.

वहिनीला म्हटलं, “काढलाय म्हणून सांगा त्यांना.” ती म्हणाली, “बरं झालं आक्का, लई वैतागलं हुतं.” पोतं डोक्यावर घेऊन गेली.

६ मे, मंगळवार

दोनदा फोन लावला. लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही.

७ मे, बुधवार

गुंडूअण्णाला मशीन लागली. जबडा फुटलाय. इथंच बेळगावात, दवाखान्यात आणलंय. जिवंत आहे. एवढंच कळलं.

९ मे, शुक्रवार

ठेकेदाराचा मुकादम आण्णाप्पा दुकानात आला. गुंडूअण्णाची मशीन टेबलावर ठेवली. पंजावर रक्त वाळलेलं. “बाई, तुमी जाणकार. बघून सांगा, ब्रेक हुता का न्हाय?”

मी झाकण उघडलं. आत काय नाही ते मला माहीत होतं, तरी बॅटरी घेऊन वाकून बघितलं. काय नाटक केलं मी!

“नाही,” म्हटलं.

“म्हंजे त्यानंच काढला. ही माणसं ऐकत न्हाईत बघा. एवढा जुना गडी, आणि ह्यो उद्योग!”

मी काहीच बोलले नाही. तो मान हलवत गेला. आप्पा कोपऱ्यात बसले होते. तो गेल्यावर इतकंच म्हणाले, “लाकडात गाठ असली तर असती गं. वरनं रंधा मारून जात न्हाय.” आप्पांना कळलंय.

का बोलले नाही? कंपनीची अधिकृत सर्व्हिसची पाटी मिळून आठ महिने झाले. बाईमाणूस, त्यात आमच्या वस्तीतली — ही कधी आपटते याची वाट बघणारे याच गल्लीत आहेत. हे कारण खरं आहे. आणि पुरेसं नाही.

१० मे, शनिवार

दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. परत आले.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

विहारात पंचशील म्हटलं. लहानपणापासून तोंडपाठ, झोपेतही म्हणेन. आज चौथं आलं — मुसावादा वेरमणी — आणि माझा आवाजच निघेना. खोटं बोलणार नाही! शेजारच्या बाईनं पाणी दिलं, तिला वाटलं उन्हानं. घरी येऊन खीर केली. आप्पांनी खाल्ली. माझी वाटी तशीच झाकून ठेवली.

१५ मे, गुरुवार

आण्णाप्पा परत. ठेकेदारानं गुंडूअण्णाचं नाव कामाच्या यादीतून काढलं. मशीनशी छेडछाड करणारा माणूस नको, म्हणे. तालुक्यात दुसरा कुणी ठेकेदारही आता त्याला दारात उभा करणार नाही.

वर म्हणतो, “आमचं काय चुकलं न्हाय बाई. त्यानंच लिवून दिलंय.” खिशातून कागद काढून दाखवला. जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही, म्हणून लिहिलेलं. अक्षर गुंडूअण्णाचंच. ‘ब्रेक मीच काढला. दुसऱ्या कुणाचा दोष नाही.’

वाचलं आणि पहिल्यांदा काय वाटलं? सुटले! सुंठीवाचून खोकला गेला! तो क्षण मी विसरणार नाही. मग दिवसभर स्वतःची शिसारी.

त्यानं मला वाचवलं. माझं दुकान, माझी पाटी. नऊ वर्षांची ओळख म्हणून. असला उपकार घेऊन मी रोज दुकान कसं उघडायचं?

संध्याकाळी साखळीला धार लावत बसले आणि तो एकच शब्द डोक्यात. काढ. आप्पा म्हणाले, नाव काढलं. ठेकेदारानंही नावच काढलं. आपण दिवस काढतो, फोटो काढतो, काटा काढतो, भांडण काढतो. मोटारीचा हँडब्रेक काढतो —

कानस दातावरच थांबली.

हँडब्रेक काढतो म्हणजे सोडतो. उपटून टाकत नाही! ‘अडकलाय, काढून द्या’ — अडकलेला मोकळा करून द्या. बोट दारात अडकलं तर काढ म्हणतो, तसं. गुंडूअण्णा ब्रेक काढून टाका म्हणालाच नव्हता. तो त्यांच्यातला नव्हताच. आणि मी उलट निरोप पाठवला, ‘काढलाय’. त्यांनी ऐकलं, मोकळा झालाय.

आयुष्यभर मराठी बोलते मी.

१६ मे, शुक्रवार

केलं. आज केलं.

सकाळी कागद लिहिला. ब्रेक मी, माझ्या दुकानात, माझ्या हातानं काढला. मालकानं काढायला सांगितलं नव्हतं, मी चुकीचं समजले. गुंडूचा दोष नाही. सही, तारीख, दुकानाचा शिक्का. आण्णाप्पाच्या हातात दिला. तो वाचून माझ्याकडं बघतच राहिला. “बाई, पाटी जाईल की तुमची!” म्हटलं, जाऊ दे. “सायबांपुढं ठेवतो,” म्हणाला.

तिथून थेट दवाखाना. गुंडूअण्णाला ड्रेसिंगला नेलं होतं. व्हरांड्यात मंगलवहिनी एकटीच बाकावर. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. एका दमात. काढून म्हणजे मी काय समजले, मला राग कसा आला, सगळं. म्हटलं, “तुम्ही काढून म्हणालात ना वहिनी, मी दोनदा विचारलं, तर मला वाटलं —”

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “ते साफ करून द्या म्हणालतं. साफ करून. काढून म्या म्हटलं.”

मी म्हटलं, “चूक माझी आहे.” ती म्हणाली, “व्हय.” आणि उठून आत गेली.

घरी येताना पाय हलके वाटले. आठ दिवसांनी पोटभर जेवले. आप्पा म्हणाले, “आता कसं!”

१९ मे, सोमवार

कंपनीचं पाटी उतरवायचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत. स्टूल घेऊन मीच उतरवली. गल्लीतले दोघे बघत उभे होते. बघा म्हणावं. आण्णाप्पाचा फोन आला — गुंडूचं नाव परत यादीत घेतलंय, बरा झाला की रुजू. त्या एका वाक्यावर दिवस गेला.

२२ मे, गुरुवार

गुंडूअण्णाला भेटले. जबडा अजून बांधलेलाच, पण मिटल्या दातांतून थोडं बोलतो. वहिनी चहा आणायला खाली गेली होती.

“कागद लिवून दिलासा म्हणं,” म्हणाला. “कशाला? मशीन हातात घेटल्या घेटल्या कळलं हुतं मला, पंजा सैल हाय. झाड रस्त्यात आडवं, गाड्या थांबल्या हुत्या, तशीच चालवली. माझीबी चूक हायच की.” थांबून दम घेतला. “कागदात मंगलचं नाव न्हाय न्हवं?”

“नाही.”

“मग बरं झालं. तिच्यासाठनंच लिवलं हुतं म्या. निरोप तिच्याकडनं चुकला, ह्ये तिला कदीबी कळू देऊ नगासा आक्का. लई मनाला लावून घेती. जलमभर स्वतःला खाईल.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन दारात आली. तिनं ऐकलं होतं. त्याच्या पाठीमागून माझ्याकडं बघून हळूच मान हलवली — सांगू नका. तिला सगळं कळलंय, हे तिनं त्याला सांगितलेलंच नाही.

मी म्हटलं, “नाही कळू देणार.”